'ताम सांग' म्हणजे सांगाल तसं: बँकॉकमधल्या एका स्वस्त, गर्दीच्या हॉटेलातलं जेवण

पार्श्वभूमी

चार-सहा माणसांचे छोटे गट घेऊन थायलंडला जाणं हा माझा व्यवसाय. गट बहुतेक एकाच घरातला असतो, त्यामुळे त्या घरातली पथ्यं, सवयी, रुसवेफुगवे आणि औषधांच्या डब्या असं सगळंच बरोबर येतं. हे प्रकरण अशाच एका कुटुंबाच्या बँकॉकमधल्या एका दुपारच्या जेवणाचं. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, एकदोन तपशील बदलले आहेत. हॉटेलाचं नावही देत नाही. त्या दुपारी चूक झाली ती माझी, त्यांच्या दारावर पाटी कशाला लावायची?

गटात चौघं होती. काकू, वय ६८, शाकाहारी. अंडंही खात नाहीत, कांदा-लसूण मात्र खातात. (हा शेवटचा तुकडा लक्षात ठेवा, घोटाळा तिथेच झाला.) त्यांची लेक, सगळं खाणारी, त्यातही रस्त्यावरचं आवडीने खाणारी. जावई, ज्यांना कोळंबी सोसत नाही: दोनदा खाल्ली आणि दोन्ही वेळा अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. आणि दहा वर्षांचा नातू, ज्याला तिखट चालतं असं त्याच्या आईचं म्हणणं होतं.

बुकिंगच्या वेळी मी एक फॉर्म भरून घेते. त्यावर काकूंच्या नावापुढे 'शाकाहारी' आणि जावयांच्या नावापुढे 'कोळंबी नको' असं लिहिलेलं होतं. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या आणि दोन्ही अपुऱ्या होत्या.

सकाळी वाट फो हे बुद्धमंदिर पाहिलं. तो ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, त्याच्या तळपायांवरचं शिंपल्याचं जडावकाम, सगळं नातवाला दाखवून बाहेर पडेपर्यंत साडेअकरा वाजले. जेवायचं ठिकाण लेकीने घरूनच ठरवून आणलं होतं. जुन्या शहरात, साव चिंग चा नावाचा तो भलाथोरला लाल झोपाळा आहे, त्याच्या आसपासच्या एका गल्लीतलं लहानसं हॉटेल. सात टेबलं, तळमजला रस्त्याकडे पूर्ण उघडा, वरच्या मजल्यावर मालकिणीचं बिऱ्हाड. दारावर मिशलिन या खाण्याच्या ठिकाणांची निवड करणाऱ्या मार्गदर्शिकेच्या 'बिब गूर्माँ'चं स्टिकर. बँकॉकसाठी मिशलिनची पहिली यादी २०१७च्या डिसेंबरात आली आणि साठ-सत्तर बाटांत पोट भरणाऱ्या ठिकाणांपुढेही पर्यटकांच्या रांगा लागायला लागल्या. त्या स्टिकरचा अर्थ इतकाच, की इथे माफक पैशांत चांगलं खायला मिळतं. स्वयंपाकघर केवढं आहे, शाकाहारी माणसाची सोय आहे का, यातलं ते काही सांगत नाही.

अशा हॉटेलाला थाई भाषेत 'रान आहान ताम सांग' म्हणतात. रान म्हणजे दुकान. आहान हा आपला आहारच, तिकडे जाऊन शेवटच्या 'र'चा उच्चार 'न' झालेला. आणि 'ताम सांग' म्हणजे सांगितल्याप्रमाणे. त्यांचा 'सांग' आणि आपला 'सांग' यांचं नातं काही नाही, निव्वळ योगायोग आहे, पण एकदा सांगितलं की माझ्या गटातलं कुणी विसरत नाही. भाज्या, मांस, नूडल्स कापून तयार असतात, तुम्ही सांगाल तसं कढईत पडतं आणि दोन-तीन मिनिटांत ताट समोर येतं. म्हणजे हवं ते बदलून मिळतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. पण तो सगळा निवांत वेळेचा होता, हे मला त्या दिवसापर्यंत जाणवलंच नव्हतं.

अडचण

आम्ही पोचलो तेव्हा बाराला दहा कमी होते. बँकॉकमधली कचेऱ्यांची जेवणाची सुट्टी बाराला होते. पाच मिनिटांत गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली पंधरा-वीस माणसं आमच्या मागेपुढे उभी राहिली. रांग पदपथावर, आणि कढईही पदपथाच्याच कडेला. ती परतणारी बाई साठीची असेल. तिला सगळे 'पा' म्हणत होते. आईच्या किंवा वडिलांच्या थोरल्या बहिणीला 'पा' म्हणतात आणि त्या वयाच्या कुठल्याही बाईला तीच हाक चालते, आपल्या 'मावशी'सारखी. दर दोन मिनिटांनी ती ठेचलेली लसूण-मिरची तापल्या तेलात टाकायची आणि रांगेतले सगळे एका सुरात खोकायचे.

"अगं, हा तुळशीचा वास कुठून येतोय?" काकूंनी विचारलं.

वास तुळशीचाच होता. इथला सगळ्यात खपणारा पदार्थ म्हणजे फाट काफ्राव: खिमा, लसूण, मिरची आणि शेवटी मूठभर काफ्रावची पानं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने काफ्राव आणि आपली तुळस एकच. 'पा'ने ती पानं खिम्यावर टाकलेली काकूंनी पाहिली, पदर नाकाला लावला आणि रस्त्यावरच्या रिक्षा बघायला लागल्या.

ऑर्डर रांगेतच घेत होते. एक मुलगी कागदाचं पॅड घेऊन आली. मला थाई कामापुरतं येतं. काकूंकडे हात करून मी म्हटलं, "किन जे." म्हणजे या 'जे' खातात. मुलीने ओरडून 'पा'ला विचारलं. पाने कढईवरची नजर न काढता डावा हात हलवला: "माय दाय." जमणार नाही.

मग जावयांसाठी मी तोम याम काय सांगितलं, म्हणजे कोंबडीचं आंबट-तिखट सूप, आणि वर जोडलं, "माय साय कुंग." कोळंबी घालू नका. मुलगी हसून म्हणाली, "दाय." जमेल.

अडचण एवढीच दिसत होती की एकीला नकार मिळाला आणि एकाची सोय झाली. खरं चित्र याच्या उलट होतं.

आधी नकार का आला ते सांगते. थायलंडमध्ये मांस न खाणाऱ्यांसाठी दोन शब्द आहेत. एक 'मांगसाविरात', तो आपल्याला ओळखीचा निघतो: मांस आणि विरती. त्यात दूध, अंडं चालतं. दुसरा 'जे', तो चिनी परंपरेतून आलेला आणि फार कडक आहे. मांस, मासे, अंडी, दूध नाहीच, शिवाय लसूण, कांदा आणि तशा उग्र वासाच्या भाज्याही नाहीत, आणि काटेकोर पाळणाऱ्यांना भांडीही वेगळी लागतात. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस हा 'जे' पाळण्याचा सण असतो, साधारण आपल्या नवरात्राच्याच सुमारास. तेव्हा शहरभर पिवळ्या पताकांवर लाल अक्षरांत हा शब्द लागतो. एरवीही 'जे'ची वेगळी दुकानं असतात आणि त्यांची खूण तीच पिवळी पताका.

माझ्या डोक्यातला हिशेब असा होता की कडक शब्द वापरला की काकू सुरक्षित. पाच्या बाजूने पाहा. तिच्याकडे दोन कढया, त्या दोन्हींत सकाळपासून डुकराचं आणि कोंबडीचं मांस परतलेलं, आणि प्रत्येक ताटाची सुरुवात लसणीने. 'जे' करून देते असं ती म्हणाली असती तर ते खोटं ठरलं असतं. तिने खरं सांगितलं. आणि काकूंना मुळात 'जे' नकोच होतं. त्या लसूण खातात.

समोरचे पर्याय

एव्हाना आम्ही पस्तीस मिनिटं उभे होतो आणि पुढे दोनच नंबर उरले होते. नातू "आता बसायचं का" असं तिसऱ्यांदा विचारत होता. रांग सोडून बाजूला होऊन बोलावं इतकीही जागा नव्हती. जे पर्याय सुचले ते असे.

सगळ्यांनी उठून पाहुरातला जायचं. तो बँकॉकमधला भारतीयांचा भाग, गुरुद्वारा आहे, शुद्ध शाकाहारी खाणावळी आहेत, तुकतुकने काही मिनिटांवर. काकूंची सोय शंभर टक्के. पण लेकीने सहलीत मागितलेलं हे एकच जेवण होतं, आणि पस्तीस मिनिटं पाण्यात गेली असती.

गट फोडायचा: मी काकूंना घेऊन पाहुरातला, बाकीचे इथे. व्यवहाराने हा बरा पर्याय होता, पण मग जावयांच्या ताटाशी थाई बोलणारं कुणी राहिलं नसतं. हे मला तेव्हा सुचलंही नाही, नंतर सुचलं. तेव्हा मी तो पर्याय सोडला तो काकूंना 'वेगळं काढल्यासारखं' वाटेल म्हणून.

पाला पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारायचं. भात, भाज्या, सोया सॉस, लसूण चालेल, मांस-मासे-अंडं नको, कढई तेवढी धुऊन घ्या. आज मला वाटतं हाच पर्याय होता. पण मागे वीस माणसं उभी असताना एकदा 'नाही' म्हटलेल्या बाईच्या कढईपुढे जाऊन हुज्जत घालायचा मला संकोच वाटला.

आणि चौथा पर्याय काकूंनी स्वतःच दिला. "मला साधा भात मिळेल ना? मग झालं. माझ्याजवळ मेतकूट आहे."

मला सुटल्यासारखं झालं, हे कबूल करते. आणि सुटका वाटली की माणूस पुढचा विचार थांबवतो. माझं सगळं लक्ष काकूंच्या गैरसोयीत अडकलं होतं. जावयांच्या ऑर्डरकडे मी परत वळूनही पाहिलं नाही, कारण तिथे 'हो' मिळालेलं होतं.

काय केलं, काय झालं

टेबल मिळालं. बर्फाचे पेले आले, चमचे-काटे टेबलावरच्या डब्यात होते. ताटं एकेक करून, जशी तयार होतील तशी आली. अशा ठिकाणी सगळ्यांचं एकदम येत नाही आणि आलेलं गार होईपर्यंत थांबायचंही नसतं. लेकीचं फाट काफ्राव, वर कडेने कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं. नातवाचा फ्राइड राइस. काकूंच्या पुढे साध्या भाताची बशी, सोबत काकडीच्या चार चकत्या. त्यांनी पर्समधून स्टीलची छोटी डबी काढली, मेतकूट भुरभुरलं आणि शांतपणे कालवायला लागल्या. ताटं पोचवणारी मुलगी थबकली. डबीकडे बोट दाखवून तिने काहीतरी विचारलं, काकूंनी डबी तिच्या नाकाशी धरली. तिने हुंगलं, भुवया उंचावल्या आणि हसत निघून गेली.

जावयांचं सूप आलं. वर केशरी तेलाचे गोल गोल थेंब तरंगत होते, मधे गवती चहा, आल्यासारख्या गलांगलच्या चकत्या, मकरूट लिंबाची पानं. कोळंबी एकही नव्हती, मी चमच्याने ढवळून पाहिलं. तेवढ्याने माझं समाधान झालं.

ते केशरी तेल 'नाम फ्रिक फाव'चं होतं. भाजलेली सुकी मिरची, लसूण, छोटे कांदे यांचा गोडसर ठेचा, आणि त्यात बहुतेक वेळा सुकी कोळंबी किंवा 'कापी' वाटलेली. कापी म्हणजे बारीक कोळंबी मीठ घालून आंबवून केलेला लगदा. थाई स्वयंपाकात तो इतका मुरलेला आहे की लाल, हिरव्या करीच्या वाटणातही असतो आणि कुणाला वेगळा सांगावासा वाटत नाही. शिजवल्याने कोळंबीची ॲलर्जी टळत नाही. ती ज्या प्रथिनामुळे येते ते उष्णतेला दाद देत नाही.

माझं वाक्य होतं 'कोळंबी घालू नका'. मुलीने ते पाला सांगितलं, पाने कोळंबी घातली नाही. सांगितलं तसं.

आठ-दहा मिनिटांत जावयांनी कॉलर सैल केली आणि मान खाजवायला लागले. मग म्हणाले, "ताई, ओठ चुरचुरतायत. मिरचीने असेल." लेकीने त्यांची मान पाहिली. कानाखालून खाली नाण्याएवढ्या चार-पाच गांधी उठल्या होत्या.

मी वाडगा बाजूला ओढला आणि तीन गोष्टी विचारल्या: श्वास घ्यायला त्रास होतोय का, घसा आवळल्यासारखा वाटतोय का, मळमळ किंवा चक्कर आहे का. तिन्हींचं उत्तर नाही. आवाज नेहमीसारखा होता. त्यांच्या बॅगेत सेटिरिझिनची, म्हणजे ॲलर्जीवरची गोळी होती, ती घेतली. मी फोनवर १६६९ लिहून ठेवला, थायलंडमध्ये रुग्णवाहिकेचा नंबर तो. यातली एक जरी तक्रार असती तर गोळीवर थांबायचं नसतं. तिथे ॲड्रिनलिनचं इंजेक्शन आणि तातडीने रुग्णालय, दुसरा मार्ग नाही. इंजेक्शन त्यांच्याजवळ नव्हतं. डॉक्टरांनी कधी लिहून दिलं नव्हतं, कारण ते डॉक्टरांकडे या तक्रारीसाठी कधी गेलेच नव्हते. हेही फॉर्मवर नव्हतं.

मग मी वाडगा घेऊन पाकडे गेले आणि पहिल्यांदा योग्य शब्द वापरला: "फे कुंग." या 'फे'ची गंमत अशी की त्याचा मूळ अर्थ हरणं. खेळात हरणं तोच शब्द, आणि एखादा पदार्थ अंगाला न सोसणं तोही तोच. कोळंबीपुढे हरतो. पाने ऐकलं, कढईखालचा जाळ बंद केला (रांग तशीच उभी), मागच्या फळीवरची बरणी काढून झाकण उघडलं आणि आतल्या गडद लाल ठेच्यात बोट दाखवून म्हणाली, "कुंग. कुंग हेंग." सुकी कोळंबी. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "थामाय माय बोक?"

का नाही सांगितलंस?

बिल ३१० बाट झालं होतं. पाने सुपाचे ८० बाट वजा केले. मी ते टेबलावर ठेवले, तिने उचलून माझ्या मुठीत कोंबले. वाद घालायला वेळ नव्हता.

परिणाम

दुपारची चाव फ्रायावरची बोटफेरी मी रद्द केली. ॲलर्जीची लक्षणं एकदा ओसरून काही तासांनी पुन्हा उसळू शकतात, आणि नदीच्या मधोमध ते मला नको होतं. हॉटेलच्या खोलीत गेलो, संध्याकाळपर्यंत जावयांना एकटं सोडलं नाही. अडीचच्या सुमाराला गांधी बसायला लागल्या, चारपर्यंत मान साफ झाली. रात्री त्यांनी भात आणि केळी खाल्ली.

काकू दिवसभर एका गोष्टीने अस्वस्थ होत्या, आणि ती माझ्या अपेक्षेबाहेरची होती. "माझ्या खाण्याच्या भानगडीत तुमचं सगळ्यांचं त्याच्याकडे दुर्लक्ष झालं," असं त्या लेकीला म्हणाल्या. म्हणजे बिचाऱ्यांनी डबीतलं मेतकूट खाल्लं, आणि दोषही स्वतःवर घेतला.

दुसऱ्या दिवशी आयुथया या जुन्या राजधानीला गेलो. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, त्या हॉटेलात परत जाऊ. मला ते धाडस वाटलं, पण जावईही तयार होते. अट एकच घातली: दुपारी तीनला जायचं.

निघण्याआधी आमच्या मुक्कामाच्या हॉटेलातल्या स्वागतकक्षातल्या मुलीकडून थाईत दोन कार्डं लिहून घेतली. जावयांच्या कार्डावर: मला कोळंबीची ॲलर्जी आहे, ताजी, सुकी, कापी, नाम फ्रिक फाव, काहीच चालत नाही, आजारी पडेन, कृपया कढई आणि झारा धुऊन घ्या. काकूंच्या कार्डावर 'जे' हा शब्दच नव्हता. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मासळीचा सॉस नाही, कालवांचा सॉस नाही. लसूण, कांदा, मिरची, टोफू, सोया सॉस चालेल. आणि कढईचं काय, हे मी पहिल्यांदाच काकूंना विचारलं. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "माझ्यादेखत घासली तर चालेल. घरी तरी काय, जावयाचं ऑम्लेट कुठल्या तव्यावर होतं मला माहीत आहे."

तीनला हॉटेलात दोनच टेबलं भरलेली होती. पाने चष्मा लावला, दोन्ही कार्डं वाचली, आणि उठून बाटल्या आणायला सुरुवात केली. एकेक बाटली टेबलावर ठेवायची, जावयांकडे किंवा काकूंकडे बोट करायचं आणि मान हलवायची. नाम प्ला, म्हणजे मासळीचा सॉस: काकूंना नाही, जावयांना चालेल, तो मासे आणि मिठाचा असतो आणि मासे ते नेहमी खातात. कालवांचा सॉस: काकूंना नाही, आणि जावयांच्या बाबतीत मीच नको म्हटलं, कारण कोळंबी न सोसणाऱ्या काही लोकांना शिंपल्यांचाही त्रास होतो आणि यांची तपासणी कधी झालेली नव्हती. सी-इव खाव, पातळ सोया सॉस: दोघांना हो. नाम फ्रिक फावची बरणी तिने स्वतःच उचलून परत फळीवर नेली.

मग कढई. पाणी ओतलं, बांबूच्या काड्यांच्या जाड कुंच्याने गोल गोल घासली, पाणी फेकलं, पुन्हा तेच, आणि जाळावर कढई कोरडी होऊन धूर यायला लागेपर्यंत थांबली. काकू शेजारी उभ्या राहून बघत होत्या. तिसऱ्यांदा पाणी ओतायला लागली तेव्हा काकूंनीच हाताने 'पुरे' केलं.

आधी काकूंचं ताट केलं: टोफू, खाना नावाची जाड देठांची पालेभाजी आणि गाजर घालून परतलेला भात. मग जावयांसाठी काय थोत क्राथियाम, लसूण-मिरीतली तळलेली कोंबडी, जी कढईतच सुरू होते आणि कढईतच संपते, तयार वाटण लागत नाही. नातवाने या खेपेला स्वतः 'फेत नित नोय' सांगितलं, म्हणजे थोडंसंच तिखट, आणि तरी बर्फाचे तीन पेले संपवले.

एक प्रसंग मात्र थोडक्यात टळला. काकू म्हणाल्या, "छान आहे, मीठ जरा कमी," आणि टेबलावरच्या चार बरण्यांच्या तबकाकडे हात नेला. त्या चार म्हणजे साखर, मिरचीपूड, मिरच्या घातलेला व्हिनेगर आणि चौथी नाम प्ला. त्यांचा हात चौथीवरच होता. ती आमच्या दोन्ही कार्डांच्या बाहेरची गोष्ट होती. कार्ड स्वयंपाकघरासाठी लिहिलेलं, टेबलावरच्या बरण्यांना ते कोण दाखवणार?

निर्णयाचे टप्पे, पुन्हा पाहताना

सगळ्यात आधी वेळ. बारा ते एक या तासात अशा हॉटेलाला काही विचारायचं म्हणजे चालत्या गाडीत चढण्यासारखं आहे. पा तीच, बाटल्या त्याच, कढई तीच. बाराला दोन अक्षरांचा नकार आणि तीनला पंधरा मिनिटांची बैठक. मी आता पथ्य असलेला माणूस गटात असेल तर अकराच्या आत किंवा दोननंतरच नेते. लोक कुरकुर करतात. करू देत.

मग शब्द. 'घालू नका' ही आवड झाली. आवडीने सांगणारे रोज शंभर येतात: कोथिंबीर नको, अंडं नको. त्यात माझी कोळंबी मिसळून गेली. 'फे' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात दुसराच कप्पा उघडतो, हे मी बरणीसकट पाहिलं. आणि काकूंच्या बाबतीत नेमकी उलटी चूक: हवं होतं त्यापेक्षा कडक शब्द वापरला. एकाच मिनिटात एकीसाठी जास्त मागितलं आणि एकासाठी कमी. दोन्ही फॉर्मवरच्या अपुऱ्या नोंदींवर विसंबून. आता फॉर्मवर 'शाकाहारी' असा एक शब्द मी चालवून घेत नाही. अंडं? कांदा-लसूण? त्याच कढईतलं? आणि ॲलर्जी असेल तर आधी काय झालं होतं, डॉक्टरांना दाखवलंय का, जवळ कुठलं औषध आहे.

काकूंना न विचारता काकूंचं ठरवणं, हाही निर्णयच होता, फक्त तो घेताना मला निर्णय वाटला नाही. कढईबद्दलचं त्यांचं उत्तर मी गृहीत धरलं होतं आणि ते साफ चुकीचं निघालं.

कोळंबीची ॲलर्जी असलेल्या माणसासाठी काय मागवायचं, याचा माझा ढोबळ नियम आता असा: जे डोळ्यांदेखत कढईत सुरू होतं ते मागवा, जे बरणीतून किंवा पातेल्यातून येतं ते सोडा. म्हणजे तोम याम नाही, करी नाही, फाट थाय या परतलेल्या नूडल्स नाहीत, कारण त्यात सुकी कोळंबी असतेच असं धरून चाला. सोम ताम तर नाहीच. कच्च्या पपईचं ते सॅलड ज्या उखळीत कुटतात ती दिवसभर तीच असते. तुमच्या ताटातली सुकी कोळंबी वगळली तरी आधीच्या गिऱ्हाइकाची उखळीत असते.

जावयांनी परत आल्यावर तपासणी करून घेतली. आता जवळ काय ठेवायचं आणि केव्हा वापरायचं हे त्यांना डॉक्टरांनी लिहून दिलंय. थाईतलं कार्ड त्यांनी पाकिटात ठेवलंय असं लेकीने कळवलं.

एक मुद्दा तिचा-माझा अजून सुटलेला नाही. तिचं म्हणणं, ओठ चुरचुरायला लागले तेव्हाच रुग्णालय गाठायला हवं होतं. तिथे बसून काही झालं नसतं तर उत्तम, पण खोलीत बसून वाट बघण्यापेक्षा ते बरं. मी तेव्हा तीन प्रश्नांच्या तीन 'नाही'वर विसंबले. पुन्हा तशी वेळ आली तर मी तिचं ऐकेन.